भाजीपाल्यातील मित्रकीटक आणि कीटकनाशकांचे परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीपाल्यावरील बहुतेक किडींना खाणारे किंवा त्यांच्या अंगात वाढणारे जीव त्याच शेतात असतात. त्यामुळे फवारणीचा निर्णय घेताना किडीबरोबर या जीवांचाही निर्णय आपण नकळत घेत असतो. पुढील उत्तरे या दुसऱ्या बाजूविषयी आहेत. कीटकनाशके कधीच वापरू नयेत, असा येथे आग्रह नाही. मात्र फवारणीचा खर्च मांडताना मेलेल्या मित्रकीटकांचा आकडा त्यात धरला जात नाही, आणि पुढच्या फवारणीची गरज बऱ्याचदा तिथूनच निर्माण होते.

मित्रकीटक नेमके कोणाला म्हणावे?

मित्रकीटकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. परभक्षी कीटक आपले भक्ष्य पकडून खातात आणि आयुष्यभरात अनेक किडी फस्त करतात. लेडीबर्ड म्हणजेच ढाल किडा, हिरवट जाळीदार पंखांचा क्रायसोपर्ला, सिरफिड माशीच्या अळ्या आणि फुलकिड्यांवर जगणारा ओरियस ढेकूण ही त्यांची नेहमी दिसणारी उदाहरणे आहेत. परोपजीवी कीटक, म्हणजे प्रामुख्याने लहान गांधीलमाश्यांच्या जातकुळीतले कीटक, किडीच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात आपले अंडे घालतात. त्यातून निघालेली अळी किडीला आतून खाऊन वाढते आणि एका किडीच्या जिवावर एक किंवा अनेक नवे परोपजीवी बाहेर पडतात. कोळी आणि परभक्षी कोळीवर्गीय माइट हे आठ पायांचे असल्यामुळे काटेकोर अर्थाने कीटक नव्हेत, पण शेतातील कामाच्या दृष्टीने त्यांना याच यादीत धरणे योग्य ठरते. किडींना रोगी करून मारणाऱ्या बुरशी, जिवाणू आणि विषाणूही नैसर्गिक शत्रूच आहेत.

पानावर अनोळखी अळी किंवा भुंगेरा दिसला, तर तो किडीचाच समजावा का?

मित्रकीटकांचे सर्वांत मोठे नुकसान औषधाच्या आधी चुकीच्या ओळखीने होते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला प्रौढ ढाल किडा सर्वांना ओळखता येतो. परंतु त्याची अळी काळपट, लांबट, सहा पायांची, अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेली आणि मगरीच्या पिल्लासारखी दिसते, त्यामुळे ती उगाचच मारली जाते. वास्तविक मावा खाण्यात ही अळी प्रौढापेक्षा कमी नसते. सिरफिड माशीची अळी बिनपायाची, हिरवट आणि जळवेसारखी सरपटणारी असते, तर तिची प्रौढ माशी मधमाशीची नक्कल करीत फुलांवर हवेत स्थिर तरंगताना दिसते. क्रायसोपर्लाची अंडी बारीक केसासारख्या देठाच्या टोकावर एकेकटी उभी असतात. ती पाहून पानावर बुरशी आली, असा समज होतो.

सर्वांत फसवा प्रकार पिठ्या ढेकणाच्या बाबतीत घडतो. मूळचा ऑस्ट्रेलियातील क्रिप्टोलिमस हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खाण्यासाठी प्रसिद्ध असून, त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असतात. जो खाणारा, तोच खाल्ल्या जाणाऱ्यासारखा दिसतो. अशा वेळी हालचाल पाहावी : पिठ्या ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही, ही अळी मात्र आकाराने मोठी असते आणि चांगली चपळाईने चालते.

उलट दिशेनेही चूक होते. वांग्यावरील एपिलॅक्ना भुंगेरा ढाल किड्यांच्याच कुळातला असला तरी तो पाने खरवडून खातो आणि पानाची केवळ जाळी शिल्लक ठेवतो. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लव असल्यामुळे मळकट दिसते, एका सर्वसामान्य जातीच्या पाठीवर २८ ठिपके असतात आणि पिवळसर अळीच्या अंगावर फांदीदार काटे असतात. दोघांचीही अंडी पिवळी आणि झुबक्यात उभी घातलेली असल्यामुळे केवळ अंड्यांवरून निवाडा करू नये.

मावा तर दिसतो आहे. मग मित्रकीटक काम करीत आहेत, हे कसे ओळखावे?

माव्याच्या वसाहतीत भिंगातून पाहिल्यास काही मावे फुगलेले, सोनेरी-तपकिरी, कागदी आणि निश्चल दिसतात. हे माव्याचे ममीरूप असून त्यांच्या आत अफिडियस जातीचा परोपजीवी वाढत असतो. ममीला गोल भोक पडलेले असेल तर प्रौढ बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेला आहे, असे समजावे. अफेलिनस जातीच्या परोपजीवीमुळे बनलेल्या ममी काळ्या असतात. हरितगृहातील पांढऱ्या माशीच्या पिल्लावस्थेत एन्कार्सिया फॉर्मोसाने अंडे घातले असेल, तर ती अवस्था काही दिवसांनी काळी पडते. ट्रायकोग्रामा या परोपजीवीने ग्रासलेली पतंगांची अंडीही सुमारे चौथ्या दिवशी काळी दिसू लागतात. कोबीवरील अळीच्या शेजारी पांढरे किंवा पिवळसर रेशमी कोष आढळले, तर ते कोटेशिया या परोपजीवीचे असण्याची शक्यता मोठी असते.

निरीक्षण करताना किडीची संख्या तेवढी नोंदवून थांबू नये. किती टक्के मावे ममी झाले आहेत आणि किती झाडांवर परभक्षी आढळले, हेही लिहून ठेवावे. पीक परिसंस्थेच्या विश्लेषणात दोन किडींमागे एक मित्रकीटक असल्यास थांबावे, असा ढोबळ नियम वापरला जातो. त्याला अंतिम मानू नये, कारण एक सिरफिड अळी आणि एक लहान कोळी यांची भूक सारखी नसते. परंतु चार दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांत हे प्रमाण कोणत्या दिशेने सरकते आहे, हे पाहण्यासाठी तो उपयोगी पडतो.

फवारणीत कीड आणि मित्रकीटक दोन्ही मरतात; मग कीडच आधी परत का येते?

याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पाने खाणाऱ्या किडी पिढ्यान्‌पिढ्या वनस्पतींतील विषारी द्रव्ये पचवत आल्या आहेत, त्यामुळे विषाचे विघटन करणारी विकरे त्यांच्या शरीरात बऱ्याचदा अधिक कार्यक्षम असतात. परभक्षी आणि परोपजीवींना ही सवय तुलनेने कमी असते. दुसरे असे की, मावा एका जागी सोंड खुपसून बसतो, तर त्याला शोधणारा मित्रकीटक पानोपान हिंडतो आणि त्या हिंडण्यात फवाऱ्याचा कितीतरी अधिक अंश त्याच्या पायांना व मिशांना लागतो. शिवाय फवारणीतून वाचलेल्या मित्रकीटकाला खायला उरत नाही, म्हणून तो उपाशी मरतो किंवा शेत सोडून जातो. वाचलेल्या मावा मादीला मात्र नराची गरज न लागता थेट पिल्ले देता येतात आणि उबदार हवेत ही पिल्ले आठवड्याभरात प्रजननक्षम होतात. शत्रूविरहित शेत आणि वेगवान प्रजनन एकत्र आले की कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते. या प्रकाराला किडीचे पुनरुत्थान म्हणतात.

याचे जुने आणि स्पष्ट उदाहरण भाजीपाल्यातले नसून लिंबूवर्गीय फळबागांतले आहे. कॅलिफोर्नियातील बागा उद्ध्वस्त करणाऱ्या कापशी खवले किडीवर १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वेडालिया भुंगेऱ्याने ताबा मिळवला. पुढे १९४० च्या दशकात डीडीटीचा वापर सुरू झाल्यावर भुंगेरे मेले आणि जवळपास विस्मृतीत गेलेली तीच कीड पुन्हा बोकाळली.

अळीसाठी फवारणी केली आणि लाल कोळी वाढला. हा योगायोग असतो का?

सहसा नाही. लाल कोळी (पानाचा रस शोषणारी माइट) आणि नागअळी या अनेकदा फवारणीतून जन्माला येणाऱ्या किडी असतात. एरवी परभक्षी माइट, ओरियस आणि लहान ढाल किडे लाल कोळ्याला मर्यादेत ठेवतात, तर नागअळीवर डिग्लिफस आणि ओपियस यांसारखे परोपजीवी सतत अंडी घालत असतात. नागअळी पानाच्या दोन पापुद्र्यांत सुरक्षित राहते, तिचा शत्रू मात्र पानावर उघडा फिरतो. तेव्हा फवारणीत कोण मरणार, हे उघड आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आणि कार्बारिल यांच्या फवारणीनंतर लाल कोळ्याचा उद्रेक झाल्याची उदाहरणे वारंवार नोंदली गेली आहेत. काही औषधांच्या अल्प मात्रेने लाल कोळ्याची अंडी घालण्याची क्षमता वाढते, असेही आढळले आहे. अशा वेळी पायरेथ्रॉइडची आणखी एक फवारणी करणे म्हणजे त्याच चक्रात आणखी खोल जाणे होय.

वारंवार फवारणीने किडीत प्रतिकारक्षमता येते. तशी ती मित्रकीटकांत का येत नाही?

क्वचित येते, पण तिचा वेग कमी असतो, कारण फवारणीनंतर किडीच्या पुरेशा संख्येअभावी मित्रकीटकाची पुढची पिढीच उभी राहू शकत नाही. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग या बाबतीत कुप्रसिद्ध आहे : जावा बेटावर त्याने डीडीटीला दाद देणे थांबवल्याची नोंद १९५३ मध्ये झाली, आणि बीटी या जिवाणूजन्य औषधाला प्रत्यक्ष शेतात प्रतिकार केल्याची नोंद १९९० मध्ये हवाई बेटांवरून आली. डायडेग्मा आणि कोटेशिया हे याच पतंगाच्या अळीचे प्रभावी परोपजीवी आहेत, परंतु व्यापक प्रभावाच्या औषधांचा मारा चालू असलेल्या शेतात त्यांना पाय रोवता येत नाहीत. प्रतिकारक्षम अळी आणि असुरक्षित परोपजीवी अशी जोडी जमली, की फवारणीचा फायदा अळीलाच होतो.

कोणती कीटकनाशके मित्रकीटकांना अधिक घातक आणि कोणती तुलनेने सौम्य असतात?

ऑर्गॅनोफॉस्फेट, कार्बामेट आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे तीन गट जवळजवळ सर्व मित्रकीटकांना घातक समजावेत. पायरेथ्रॉइडच्या बाबतीत पानावरील अंशाचा धोका विशेष रेंगाळतो. हरितगृहात परोपजीवी आणि परभक्षी माइट यांना तो कित्येक आठवडे जाणवू शकतो. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम या निओनिकोटिनॉइड गटातील औषधांची फवारणी परभक्षी ढेकूण, ढाल किडे आणि परोपजीवी यांना मारक ठरते.

दुसऱ्या टोकाला बीटी आणि घाटेअळीचा एनपीव्ही विषाणू आहेत. ते अळीच्या पोटात गेल्याशिवाय काम करीत नाहीत आणि ठरावीक किडींपुरतेच मर्यादित असतात, म्हणून मित्रकीटक जवळजवळ अबाधित राहतात. सूर्यप्रकाशात त्यांची शक्ती लवकर घटत असल्यामुळे फवारणी मात्र सायंकाळी आणि अळ्या लहान असतानाच करावी लागते. क्लोरँट्रानिलिप्रोल हे अळीनाशक बहुतेक परोपजीवी आणि परभक्षींच्या बाबतीत सौम्य आढळले आहे. फ्लोनिकामिड आणि पायमेट्रोझिन रसशोषक किडींचे खाणे थांबवतात, तेही त्याच वर्गात बसतात.

मधल्या गटाविषयी मात्र सरसकट विधान करता येत नाही. बुप्रोफेझिन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही वाढरोधक औषधे प्रौढ परोपजीवींना फारसे काही करीत नाहीत, पण ढाल किड्यांच्या अंडी आणि अळी अवस्थेला ती चांगलीच भोवतात. स्पायरोमेसिफेन पांढरी माशी व लाल कोळी यांच्यासाठी उपयोगी असले तरी परभक्षी माइटना त्रासदायक ठरते. ॲबामेक्टिन फवारणीनंतर लगेच घातक असते. मात्र पानाच्या पृष्ठभागावरील त्याचा अंश उन्हात लवकर विघटित होतो आणि पानात शिरलेला भाग खाणाऱ्या किडीवर काम करीत राहतो. म्हणूनच ‘हे औषध मित्रकीटकांना सुरक्षित आहे’ असे कोणी सांगितल्यास, कोणत्या मित्रकीटकाला आणि त्याच्या कोणत्या अवस्थेला, हा प्रतिप्रश्न विचारावा.

औषध वनस्पतिजन्य किंवा जैविक असेल, तर ते निर्धोक असतेच ना?

उगम आणि निवडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पिनोसॅड मातीतील जिवाणूपासून मिळते, तरीही ताज्या फवाऱ्यात ते लहान परोपजीवी माश्यांना अत्यंत घातक असते. परभक्षी त्यातून तुलनेने बचावतात. शेवंतीवर्गीय फुलांपासून मिळणारे नैसर्गिक पायरेथ्रम समोर येणाऱ्या जवळपास प्रत्येक कीटकाला मारते, फक्त त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. निंबोळी अर्क प्रौढ मित्रकीटकांसाठी सौम्य असला तरी क्रायसोपर्ला आणि सिरफिडच्या लहान अळ्यांची वाढ आणि कात टाकणे त्याने बिघडू शकते. कीटकनाशक साबण आणि खनिज तेल ज्या मऊ शरीरावर पडतील त्याला मारतात, मग ते किडीचे असो वा मित्रकीटकाचे; सुकल्यावर मात्र त्यांचा त्रास उरत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

बुरशीनाशकांचा मित्रकीटकांशी काही संबंध येतो का?

येतो, आणि तो सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. गंधक परभक्षी माइट आणि ट्रायकोग्रामा यांना अपायकारक आहे, मॅन्कोझेबचा वारंवार वापर परभक्षी माइटची संख्या घटवतो, आणि ब्युव्हेरिया, मेटाऱ्हायझियम किंवा लेकॅनिसिलियम या उपयुक्त बुरशी फवारून लगोलग बुरशीनाशक फवारल्यास आधीचा खर्च वाया जातो.

बीजप्रक्रिया किंवा मुळाशी दिलेले आंतरप्रवाही औषध तर अंगावर पडत नाही. तेव्हा ते सुरक्षित मानावे का?

फवारणीच्या मानाने थेट स्पर्श खरोखर कमी होतो, परंतु औषध झाडाच्या रसात असते आणि मित्रकीटकांचे रसाशी असलेले नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. ओरियससारखे परभक्षी ढेकूण पाण्यासाठी अधूनमधून झाडाचा रस शोषतात, प्रौढ परोपजीवी व सिरफिड माश्या मकरंदावर जगतात, आणि मावा किंवा पिठ्या ढेकूण जो चिकट मधुरस बाहेर टाकतात तोही अनेक मित्रकीटकांचे अन्न असतो. निओनिकोटिनॉइड दिलेल्या झाडावरील अशा मधुरसाने सिरफिड माश्या आणि परोपजीवी मेल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे.

मित्रकीटक मेले नाहीत, तर परिणाम झालाच नाही असे म्हणता येईल का?

नाही. अपुऱ्या मात्रेने न मेलेला परोपजीवी यजमान किडीचा गंध ओळखण्यात कमी पडतो, कमी अंडी घालतो, कमी दिवस जगतो. विषबाधित मावे खाल्लेल्या ढाल किड्याची प्रजननक्षमता खालावू शकते. अशा परिणामांची तपासणी आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटना, म्हणजेच आयओबीसी, हिच्या पद्धतीत मृत्यू आणि लाभक्षमतेतील घट एकत्र धरून केली जाते. प्रयोगशाळेतील चाचणीत ३० टक्क्यांपेक्षा कमी परिणाम निरुपद्रवी, ३० ते ७९ टक्के किंचित हानिकारक, ८० ते ९९ टक्के मध्यम हानिकारक आणि ९९ टक्क्यांहून अधिक हानिकारक अशी तिची वर्गवारी आहे. औषधाच्या वेष्टनावरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हा भाजी खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेला असतो. त्यावरून शेतात मित्रकीटक परत कधी टिकतील, याचा अंदाज बांधू नये.

फवारणी टाळता येण्यासारखी नसेल, तर ती कशी करावी?

किडीने आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होते ती संख्या, गाठण्याच्या बेतात असणे, ही पहिली अट आहे. ही संकल्पना कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली, आणि तिच्यामागे रासायनिक व जैविक नियंत्रण एकमेकांच्या विरोधात न जाता एकत्र चालवण्याचाच विचार होता. तारखेनुसार ठरलेली फवारणी हा या विचाराचा नेमका विपर्यास आहे.

त्यानंतर निवडकपणा केवळ औषधाच्या नावात न शोधता जागेत आणि वेळेतही शोधावा. मावा बहुधा ठिकठिकाणच्या झाडांवर सुरू होतो. तेवढीच झाडे फवारली तर उरलेले शेत मित्रकीटकांसाठी आश्रयस्थान राहते. संपूर्ण क्षेत्र एकाच दिवशी भिजवण्याऐवजी काही ओळी किंवा पट्टे सोडून काही दिवसांनी ते घ्यावेत. परोपजीवी आणि मधमाश्या दिवसा फिरतात, त्यामुळे लवकर सुकणारे औषध उशिरा सायंकाळी फवारलेले बरे. बांधावरील फुलझाडांवर फवारा जाऊ देऊ नये. दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळण्याची सवय मित्रकीटकांच्या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणावी लागेल, कारण त्यातले एक निवडक असले तरी दुसरे त्या निवडकपणावर पाणी फिरवते.

ट्रायकोकार्ड फवारणीच्या आधी लावावे की नंतर?

ट्रायकोग्रामा हा अर्धा मिलिमीटरच्या आसपास लांबीचा अंड्यांवरील परोपजीवी आहे, आणि एका कार्डावर कॉर्सिरा पतंगाची सुमारे १८ ते २० हजार ग्रासलेली अंडी चिकटवलेली असतात. तो अळीला काहीही करीत नाही. म्हणून मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत पतंग दिसू लागताच, म्हणजे अंडी घालण्याच्या काळात, कार्डाचे तुकडे शेतभर पानांच्या खालच्या बाजूस सकाळी किंवा सायंकाळी टाचावेत आणि प्रसारण साधारण आठवड्याच्या अंतराने पुन्हा करावे. कार्ड लावण्यापूर्वी आणि नंतर किमान आठवडाभर घातक औषध फवारू नये. आधी पायरेथ्रॉइड फवारलेले असेल तर हे अंतर पुष्कळ वाढवावे लागते. कार्डावरील अंडी मुंग्या पळवतात, याकडेही लक्ष असावे.

मित्रकीटक बाहेरून आणून सोडावेत, की शेतात आहेत तेच टिकवावेत?

बंदिस्त हरितगृहात सोडणे फायदेशीर ठरते. लाल कोळ्यावरचा फायटोसीयुलस हा परभक्षी माइट दिवसाला सुमारे ५ प्रौढ कोळी किंवा २० अंडी व पिल्ले खातो आणि बंदिस्त जागेत तो आपल्या भक्ष्याच्या पुढे जातो. उघड्या शेतात मात्र सोडलेले कीटक अन्न व आसरा नसेल तर निघून जातात, म्हणून तेथे पहिला खर्च अधिवासावर करणे अधिक शहाणपणाचे वाटते. धने, बडीशेप, शेपू आणि मोहरी यांची उथळ फुले लहान परोपजीवींना मकरंद देतात. मका किंवा ज्वारीची कडेची ओळ ढाल किडे आणि क्रायसोपर्ला यांना परागकण व आसरा पुरवते. मुंग्या मधुरसासाठी मावा आणि पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि परोपजीवींना हुसकावतात, तेव्हा त्यांची झाडावरची ये-जा रोखणे हेही मित्रकीटकांना मदत करण्यासारखेच आहे.

चिकट सापळ्यांत मित्रकीटकही अडकतात का?

पिवळ्या सापळ्यांत ढाल किडे आणि परोपजीवी अडकतात. निरीक्षणासाठी थोडे सापळे लावण्यास हरकत नाही. परंतु एन्कार्सियासारखे मित्रकीटक सोडण्याच्या दिवसांत त्यांची संख्या कमी ठेवावी.

मित्रकीटक पिकालाच इजा करतात, असे कधी घडते का?

टोमॅटोवरील नेसिडिओकोरिस हा ढेकूण पांढरी माशी आणि टुटा या नागअळीची अंडी उत्तम रीतीने खातो, पण भक्ष्य संपले की खोडाभोवती व देठांवर सोंड खुपसून तपकिरी वलये निर्माण करतो आणि फुलगळही घडवतो. तो मित्र असल्याने त्याच्याकडे डोळेझाक करावी, असे नाही. त्याचीही मोजणी ठेवावी.

फक्त मित्रकीटकांवर विसंबून पीक निघते का?

काही ठिकाणी निघते, काही ठिकाणी निघत नाही, आणि हा फरक किडीच्या वागण्यात असतो. मावा, नागअळी, लाल कोळी आणि कोबीवरील पतंग यांच्या बाबतीत नैसर्गिक शत्रू अबाधित ठेवल्यास बराच भार ते उचलतात. वांग्यातील शेंडा व फळ पोखरणारी अळी मात्र अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच आत शिरते. ट्रॅथाला हा परोपजीवी तिला गाठतो खरा, पण तोवर फळ किडलेले असते, त्यामुळे सुकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करणे आणि कामगंध सापळे यांची जोड अपरिहार्य ठरते. भेंडीवरील हळद्या किंवा टोमॅटोवरील पर्णगुच्छ हे विषाणूजन्य रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण थोड्या माश्याही विषाणू पोहोचवण्यास पुरेशा असतात आणि मित्रकीटक किडीची संख्या शून्यावर कधीच आणत नाहीत. तेथे रोगप्रतिकारक वाण, कीटकरोधक जाळीखाली वाढवलेली रोपे आणि रोगट झाडे वेळीच उपटणे यांनी लावणीनंतरचे पहिले काही आठवडे सांभाळावे लागतात. मित्रकीटकांचे काम त्यापुढे सुरू होते.